शीचा रंग

साशंक : नव्या बाळाला कावीळ होते, हे सांगायला आता डॉक्टर लागत नाही. दिवस भरून जन्मलेल्या बाळांपैकी साधारण 60 टक्के आणि अपुऱ्या दिवसांच्या बाळांपैकी 80 टक्के बाळं पहिल्या आठवड्यात पिवळी पडतात. पोटात असताना त्यांचं बिलिरुबिन आईच्या वारेतून बाहेर पडत असतं. जन्मल्यावर तेच काम बाळाच्या यकृतावर येतं आणि ते यकृत अजून सरावलेलं नसतं. आठ-पंधरा दिवसांत सरावतं, बाळ उजळतं. जिल्ह्याच्या आरोग्यसेवेत मी तीस वर्षं काढली. घाबरलेल्या आयांना एवढंच समजावण्यात त्यातला कितीतरी वेळ गेला. आणि आता तुम्ही म्हणता, प्रत्येक बाळंतिणीला शीच्या रंगांचं चित्र द्या आणि लंगोट त्याच्याशी ताडून बघायला सांगा. ज्या आजाराची तुम्हाला चिंता आहे तो पाश्चात्त्य देशांत पंधरा-वीस हजार बाळांत एकाला होतो. त्या एकासाठी बाकीच्या सगळ्या आयांची झोप उडवायची?

आग्रही : सर, तुम्ही ज्या कावीळीबद्दल धीर देत होता ती वेगळी आणि मी म्हणते ती वेगळी. अडचण एवढीच की दोन्ही बाहेरून सारख्याच पिवळ्या दिसतात. तुमच्या कावीळीत यकृताचं काम मागे पडलेलं असतं. माझ्या कावीळीत यकृत आपलं काम करतं, पित्त तयार होतं, पण ते आतड्यात उतरायची वाटच बुजत जाते. बिलिअरी अट्रेसिया. तुंबलेलं पित्त यकृतालाच खात सुटतं. उपचार झाले नाहीत तर यातली बहुतेक बाळं दुसरा वाढदिवस बघत नाहीत. आणि सुरुवातीला बाळ आजारी दिसतच नाही. ओढून दूध पितं, वजन धरतं, हसतं. खुणा असतात त्या दोन. शीला पिवळा रंग येतो तो पित्तामुळे, म्हणून पित्त उतरलं नाही की शी फिकी पडते, पुढे चुन्यासारखी होते. आणि लघवी गडद होते. नव्या बाळाची लघवी पाण्यासारखी असायला हवी. दुपट्यावर पिवळा डाग पडत असेल तर ती साधी गोष्ट नाही.

एक प्रसंग सांगते, माझ्या चुकीचा आहे. दीड महिन्याच्या लशीला एक बाळ माझ्याकडे आलं. डोळ्यांत थोडी पिवळी झाक होती. वजन उत्तम, म्हणून मी म्हटलं, अंगावरच्या दुधाची कावीळ असेल, जाईल हळूहळू. तेच बाळ पुन्हा आलं तेव्हा 95 दिवसांचं झालं होतं. पोट ताणलेलं, यकृत बोटांना दगडासारखं लागत होतं. बरोबर आजी होती. तिनं प्लॅस्टिकच्या पिशवीत एक लंगोट गुंडाळून आणला होता. उलगडून दाखवला. भिंतीला लावायची पांढरी माती कालवावी तशी शी. आजी म्हणाली, "दोन महिने अशीच होतीया. आम्हाला वाटलं, आईचं दूध बाधतंय." म्हणून तिनं सुनेचे डिंकाचे लाडू बंद केले होते, शेपू बंद केला होता, मऊ भात आणि मेतकुटावर ठेवलं होतं तिला. सर, त्या बाईनं पाहिलं होतं. रोज पाहिलं होतं, लक्षातही ठेवलं होतं. त्या रंगाचा अर्थ तिला कुणी सांगितला नव्हता. आणि ज्या डॉक्टरला अर्थ ठाऊक होता तिनं लंगोट बघायला मागितला नाही.

साशंक : तुम्ही स्वतःला लावून घेता, ते मला समजतं. पण एका लंगोटावरून राज्याचं धोरण ठरवता येत नाही. हिशेब करू. आशाताईकडे साधारण हजार वस्ती असते. वर्षाला पंधरा-वीस बाळंतपणं. तिनं तीस वर्षं काम केलं तरी तिच्या हाताखालून पाच-सहाशे बाळं जातील. म्हणजे बहुतेक आशाताई निवृत्त होतील तोवर त्यांनी असं एकही बाळ पाहिलेलं नसेल. तीस हजार वस्तीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रातसुद्धा तीस-चाळीस वर्षांत एखादं. आणि तिच्या डोक्यावर आधीच काय काय आहे? बाळाचं वजन, ताप, अंग गार पडणं, नाळेचा जंतुसंसर्ग, दूध ओढतंय का, श्वास किती. आपल्याकडची नवजात बाळं मुख्यतः मरतात ती अपुऱ्या दिवसांमुळे, जंतुसंसर्गानं आणि जन्मताना गुदमरल्यानं. त्या यादीत तुमचा आजार खूप खाली आहे. आणि एक रंग आत शिरला की पाठोपाठ दुसरा येईल. उद्या तुम्हीच म्हणाल, हिरव्या उलटीचंही चित्र द्या.

आग्रही : म्हणेनच. हिरवी उलटी म्हणजे आतड्याला पीळ पडलेला असू शकतो. तिथं दिवस नसतात, तास असतात. पण त्यात चित्राची गरज नाही, एक वाक्य पुरतं. हिरवी उलटी झाली की घरी थांबायचं नाही. पांढऱ्या शीचं तसं नाही. तिथं फिकट म्हणजे किती फिकट, हा प्रश्न येतो. एका आईला जे पिवळसर वाटतं ते दुसरीला पांढरं वाटतं. रात्री बल्बच्या उजेडात तर सगळंच पिवळं दिसतं. म्हणून शेजारी ठेवून ताडायला छापलेले रंग हवेत, आणि बघायचं ते दिवसाउजेडी.

आणि तुमचा हिशेब मला मान्य आहे, पण त्यातून माझा निष्कर्ष उलटा निघतो. आशाताईला आयुष्यभरात एकही असं बाळ दिसणार नाही, म्हणजे अनुभवानं ती हे कधीच शिकणार नाही. जो आजार रोज दिसतो त्याला चित्र लागत नाही. जो तीस वर्षांत एकदा दाराशी येतो त्यालाच लागतं. शिवाय एका गावात शून्य म्हणजे राज्यात शून्य नव्हे. महाराष्ट्रात वर्षाला अठरा-वीस लाख बाळं जन्मतात. युरोपचं प्रमाण धरलं तर शंभराच्या आसपास बाळं, तैवानचं पाच-सहा हजारांत एक हे प्रमाण धरलं तर तीनशेच्या वर. एवढ्या घरांत कुणीतरी रोज तो लंगोट धुतंय.

साशंक : तैवानचं नाव काढलंत ते बरं झालं. तिथं 2004 पासून देशभर प्रत्येक बाळाच्या आरोग्यपुस्तिकेत शीच्या रंगांचं कार्ड आहे आणि साठ दिवसांच्या आत शस्त्रक्रिया होणाऱ्या बाळांचं प्रमाण त्यानंतर वाढलं. हे सगळं मी वाचलं आहे. पण त्याच्या आधी काय होतं ते लोक सांगत नाहीत. तिथं सर्वांसाठी आरोग्यविमा 1995 मध्येच आला होता. आणि तो देश महाराष्ट्राच्या आठव्या हिश्श्याएवढा. म्हणजे कार्डावर बोट ठेवणाऱ्या आईच्या मागे विमा होता, काही तासांच्या अंतरावर बालशल्यविशारद होता. आपण कार्ड आधी छापणार आणि दवाखाना मागाहून शोधणार. विल्सन आणि युंगनर यांनी 1968 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेसाठी तपासणीचे निकष लिहिले. त्यातला एक अगदी साधा आहे. ज्याचं निदान कराल त्याच्या उपचाराची सोय हवी. ती नसताना निदान करणं म्हणजे माणसाला फक्त भीती देणं. आरोग्य खात्यात हा निकष मी कधी सोडला नाही.

आग्रही : जपानची गोष्ट याहून वेगळी आहे. शस्त्रक्रियाच तिथली. सेंदाईच्या तोहोकू विद्यापीठात मोरिओ कासाई यांनी 1955 मध्ये ती पहिल्यांदा केली. बुजलेल्या नलिका काढून टाकायच्या आणि लहान आतड्याचा पदर थेट यकृताच्या तळाशी जोडायचा. तोवर अशा बहुतेक बाळांना 'शस्त्रक्रियेनं न सुधारणारी' म्हणून घरी पाठवत. एवढी शस्त्रक्रिया हाताशी असूनही बाळं उशिरा येत राहिली. मग तोचिगी या एका प्रांतात 1994 मध्ये कार्ड वापरायला सुरुवात झाली. देशाच्या माता-बाल पुस्तिकेत सात रंगांची पट्टी आली ती 2012 मध्ये. अठरा वर्षं. एका प्रांतानं देशाची वाट पाहिली नाही. आपल्याकडंही असं झालंय. नवजात बाळाला घरी जाऊन तपासायचं, हे गडचिरोलीत बंग दांपत्यानं आधी मोजक्या गावांत करून दाखवलं. 1999 मध्ये ते 'लॅन्सेट'मध्ये छापून आलं आणि 2011 पासून देशभरच्या आशाताई तशाच घरभेटी देतात. एका जिल्ह्यानं आधी केलं, म्हणूनच देशानं केलं.

साशंक : गडचिरोलीचा दाखला मला प्रिय आहे, म्हणूनच तो इथं लागू पडत नाही असं म्हणतो. तिथं गावातली बाई बाळाचा जंतुसंसर्ग ओळखत होती आणि तीच घरात इंजेक्शन देत होती. ओळखणं आणि बरं करणं एकाच हातात होतं. खरी क्रांती ती. तुमच्या आजारात ओळखणं झोपडीत आणि बरं करणं मुंबई-पुण्यात. मधल्या रस्त्यावर काय होतं ते मी पाहिलं आहे.

एका मुकादमाचं बाळ होतं. ऊसतोडीच्या टोळीवरून परत आले तेव्हा ते 70 दिवसांचं झालं होतं. मीच चिठ्ठी दिली, मीच फोन केले. शहरातल्या मोठ्या रुग्णालयात सोनोग्राफी, यकृताचा तुकडा काढून तपासणी, सगळं होऊन शस्त्रक्रिया झाली 84 व्या दिवशी. कावीळ उतरली नाही. चार महिन्यांनी सांगण्यात आलं, आता यकृतरोपणच. तोवर एकरभर रान गहाण पडलं होतं. ते लोक परत आले. बाळ गेल्यावर बाप माझ्याकडे आला. भांडायला नाही. खुर्चीवर बसला आणि म्हणाला, "साहेब, तुमी सांगितलंच नसतं तर बरं झालं असतं का वो?" तुम्ही सांगा, काय उत्तर द्यायचं होतं मी?

आग्रही : उत्तर माझ्याकडंही नाही. पण त्याला तुम्ही 70 व्या दिवशी सांगितलंत, 30 व्या दिवशी नाही, हे विसरता येत नाही. साठ दिवसांच्या आत शस्त्रक्रिया झाली तर पित्त वाहायला लागण्याची शक्यता बरीच जास्त असते. जसजसे दिवस जातात तसतसं यकृत राठ होत जातं. त्याचं रान गेलं, त्यामागे कळण्यातला उशीरही होता.

साशंक : तिसाव्या दिवशी झाली असती तरी सगळ्यांची कावीळ उतरतेच असं नाही. उतरली तरी पुष्कळ मुलांना पुढे रोपण लागतं, कुणाला पाचव्या वर्षी, कुणाला पंधराव्या. रोपणाचा खर्च लाखांत जातो आणि औषधं जन्मभर. हे तुम्ही चित्राखाली छापणार आहात का?

आग्रही : नाही छापणार. पण एवढं नक्की सांगेन की भारतात एका बालकाचं यकृतरोपण पहिल्यांदा यशस्वी झालं ते 1998 मध्ये, दिल्लीत. मुलगा तमिळनाडूचा, वीस महिन्यांचा, आणि त्याला हाच आजार होता. वडिलांनी आपल्या यकृताचा तुकडा दिला. तो मुलगा पुढे स्वतः डॉक्टर झाला. म्हणजे हे अशक्य कोटीतलं राहिलेलं नाही. महाग आहे, दूर आहे, पण होतं.

आणि 'उपचार नाही' असं आपण म्हणतो तेव्हा उपचार म्हणजे फक्त शस्त्रक्रिया धरतो. पित्त आतड्यात उतरत नाही म्हणजे स्निग्ध पदार्थ पचत नाहीत आणि त्यांच्याबरोबर शोषली जाणारी जीवनसत्त्वंही जात नाहीत. त्यातलं 'के' कमी पडलं की रक्त गोठत नाही. लस टोचल्यावर सुईच्या जागेतून रक्त ओघळत राहतं, कधी बेंबीतून येतं. आणि काही बाळं पहिल्यांदा दवाखान्यात येतात ती मेंदूत रक्तस्राव होऊन, आकडी येत असताना. तोवर कावीळीकडं कुणाचं लक्षच गेलेलं नसतं. व्हिटॅमिन 'के'चं इंजेक्शन प्राथमिक आरोग्य केंद्राच्या कपाटात असतं, सर. तुमच्या निकषातला 'उपचाराची सोय' हा शब्द तिथंच थोडा तरी पुरा होतो.

साशंक : हे मात्र माझ्या लक्षात आलं नव्हतं. व्हिटॅमिन 'के'चं मान्य. पण दुसरी भीती उरतेच. तुम्ही पिवळेपणाकडं बोट दाखवलं की आपल्या घरांत काय सुरू होतं, ते तुम्हाला ठाऊक आहे. पहिलं दूध तोडतात. अंगावरच्या दुधानं होणारी कावीळ दोन-तीन महिने रेंगाळू शकते, निरुपद्रवी असते, पण घरातले म्हणतात, दूध बाधलं, वरचं सुरू करा. मग कुणी गंडा बांधतं, कुणी कावीळ उतरवणाऱ्याकडं नेतं, चुन्याच्या निवळीत हात धुतात आणि पाणी पिवळं झालं की कावीळ निघाली म्हणतात. मेळघाटात पोट फुगलेल्या तान्ह्या बाळांच्या पोटावर तापलेल्या विळ्याचे चटके दिल्याच्या बातम्या अजूनही येतात. रंगाची भीती पसरवणं सोपं आहे. ती नंतर कुठं जाते, ते आपल्या हातात नसतं.

आग्रही : भीती आहेच आणि तिचा धंदाही आहे. पण ती चित्रानं आणलेली नाही. त्या आजीच्या घरात चित्र नव्हतं, तरीही सुनेचं ताट आधी बदललं. नाव नसलेल्या गोष्टीला लोक जवळचं नाव देतात, आणि बहुतेक वेळा ते आईचं असतं. चित्र निदान एवढं तरी सांगेल की दोष दुधाचा नाही.

कोवळ्या उन्हाचंही तसंच झालं. इंग्लंडमधल्या रॉचफर्डच्या रुग्णालयात 1956 मध्ये अपुऱ्या दिवसांच्या बाळांची देखभाल करणारी एक परिचारिका त्यांना अंगणात उन्हात नेत असे. एका बाळाचं सगळं अंग उजळलेलं आणि चादरीच्या टोकाखाली झाकलेला तेवढाच तुकडा पिवळा राहिलेला, हे तिनं डॉक्टरांना दाखवलं. आजची निळ्या दिव्यांची पेटी तिथून आली. एका बाईच्या नजरेतून. पण ऊन असो की दिवा, तो तुमच्या साध्या कावीळीवर चालतो, तुंबलेल्या पित्तावर चालत नाही. आपण सगळ्यांना सरसकट 'कोवळं ऊन दाखवा' सांगतो आणि माझ्या बाळांचे पंधरा-पंधरा दिवस उन्हातच जातात.

साशंक : मग सरसकट सांगणं थांबवा. चित्र आईच्या हातात द्यायच्या आधी आपल्या लोकांच्या हातात काय आहे ते बघा. पंधराव्या दिवसानंतर पिवळं राहिलेलं बाळ दिसलं तर आमचे डॉक्टर रक्त तपासायला पाठवतात आणि चिठ्ठीवर नुसतं 'बिलिरुबिन' लिहितात. एकूण आकडा येतो, आठ किंवा नऊ. 'फार नाही' म्हणून बाळ घरी जातं. त्यातलं डायरेक्ट किती, हे कुणी विचारत नाही. डायरेक्ट वाढलेलं असेल तर पित्त तुंबलंय, नसेल तर ही काळजी नाही. तपासणी एकच, सुई एकच, तालुक्याच्या लॅबमध्येही होते. माझं म्हणणं, पहिली पायरी ही. दिवस भरलेलं बाळ चौदा दिवसांनंतर आणि अपुऱ्या दिवसांचं एकवीस दिवसांनंतर पिवळं असेल तर डायरेक्ट बिलिरुबिन झालंच पाहिजे. हे घट्ट झालं की मग तुमचं चित्र.

आग्रही : पायरी बरोबर आहे, क्रम मात्र मला पटत नाही. त्या चिठ्ठीवर 'डायरेक्ट' कोण लिहायला लावणार? मी स्वतः लिहिलं नव्हतं. माझ्यासमोर त्या आईनं लंगोट धरला असता आणि म्हटलं असतं, "मॅडम, हा रंग या चित्रातल्या दोन नंबरसारखा आहे," तर मी लिहिलं असतं. चित्र आईसाठी आहे, तसं ते माझ्यासारख्या घाईत असलेल्या डॉक्टरसाठीही आहे.

आणखी एक बोलायचं आहे, जे आपण दोघांनी आतापर्यंत टाळलं. जगभरच्या नोंदींत हा आजार मुलींना किंचित जास्त होतो. आपल्या मोठ्या रुग्णालयांत मात्र यासाठी आणलेल्या बाळांत मुलगे जास्त दिसतात. मधल्या मुली कुठं जातात? आणि यकृताचा तुकडा द्यायची वेळ येते तेव्हा पुढं होणाऱ्यांत बायका कितीतरी जास्त असतात. चित्र आईच्या हातात असावं असा माझा हट्ट आहे, त्यामागं हेही आहे. मुलीचा लंगोट बघणारी तिच्याइतकी दुसरी कुणी नाही.

साशंक : आणि चित्र बघून ती आई सांगेल कुणाला? त्याच घरात सांगेल, जिथं मुलीला शहरात न्यायचं की नाही हे ठरतं. तिला कळलं आणि कुणी नेलं नाही, तर ते कळणं घेऊन ती जगणार कशी? त्या बापाचा प्रश्न मी अजून बरोबर बाळगतो. या आईचा प्रश्न त्याहून जड असेल. तिला डोळे मिटायला सांगण्याचा अधिकार मला नाही, हे मला कळतं. पण डोळे उघडल्यावर तिला एकटीला सोडायचाही अधिकार मला नाही.

आग्रही : नाही सोडायचं. मग वेळापत्रक बघू या. आशाताईच्या घरभेटी तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी असतात. चौदाव्या दिवसापासूनच्या चार भेटींत तिनं एकच वाक्य विचारायचं : शी कुठल्या रंगाची होते, दाखवा. जास्तीचं वजन नाही, जास्तीची वही नाही.

साशंक : बेचाळिसाव्या दिवशी तिच्या फेऱ्या संपतात. दीड महिन्याची लस त्याच दिवसांत. पुढची लस दहाव्या आठवड्यात, म्हणजे सत्तराव्या दिवशी. आशाताईची पुढची घरभेट तिसऱ्या महिन्यात. तुमचा साठावा दिवस बरोबर मधल्या पोकळीत येतो. त्या दिवसांत त्या घराचं दार सरकारकडून कुणीही ठोठावत नाही.

आग्रही : म्हणजे बेचाळिसाव्या दिवशी शी फिकी दिसली तर हातात अठरा दिवस उरतात. त्यात डायरेक्ट बिलिरुबिन, उपाशीपोटी सोनोग्राफी, शहरात खाट, शल्यविशारदाची तारीख. आणि व्हिटॅमिन 'के' पहिल्याच दिवशी.

साशंक : अठरा दिवसांत माझ्या जिल्ह्यातून एक बाळ शहरातल्या खाटेपर्यंत पोचल्याचं मी पाहिलेलं नाही. तुम्ही एक पोचवून दाखवा, छपाईचा प्रस्ताव मी स्वतः लिहून देतो.

आग्रही : आज माझ्या ओपीडीत एकवीस दिवसांची एक मुलगी आली होती. डोळे पिवळे, वजन चांगलं. आईला म्हटलं, उद्या सकाळी येताना लंगोट धुऊ नका, तसाच घेऊन या. चिठ्ठीवर 'डायरेक्ट' लिहिलंय.